फोर्डनं अपमान केला म्हणून टाटांनी जग्वार घेतली? खरी परीक्षा तर खरेदीनंतर सुरू झाली

भाऊच्या धक्क्यावरून निघालेली रो-रो मांडव्याला लागली की अलिबागकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग बाहेर पडते. त्यात कधीतरी एखादी जग्वारही दिसते. ही ब्रिटिश गाडी आज मुंबईच्या टाटा समूहाची आहे. ती टाटांकडे कशी आली, याची एक गोष्ट व्हॉट्सॲपवर कायम फिरत असते.

पण आधी थोडं मागे जाऊया.

१९२२ साली विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्सली या दोघांनी इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला मोटारसायकलच्या साईडकार बनवायला सुरुवात केली. कंपनीचं नाव स्वॅलो साईडकार. पुढे ती गाड्यांकडे वळली आणि १९३५ मध्ये 'एसएस जग्वार' हे नाव आलं. हिटलरच्या 'एसएस' दलामुळे ती दोन अक्षरं बदनाम झाली, म्हणून १९४५ मध्ये कंपनीनं फक्त 'जग्वार' ठेवलं.

१९४८ ची एक्सके १२० ताशी १२० मैल वेगाच्या दाव्यानं गाजली. ल मान्सची २४ तासांची शर्यत जग्वारनं १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा जिंकली. १९६१ ची ई-टाइप तर आजही जगातल्या सर्वांत देखण्या गाड्यांमध्ये गणली जाते.

मग उतरती कळा लागली. जग्वार ब्रिटिश लेलँडमध्ये गेली, १९७५ मध्ये सरकारच्या ताब्यात आली, १९८४ मध्ये पुन्हा खाजगी झाली. १९८९ मध्ये फोर्डनं ती सुमारे २.५ अब्ज डॉलरला घेतली. २००० मध्ये लँड रोव्हरही घेतली. जग्वारमध्ये मात्र फोर्डचा पैसा बुडतच राहिला.

आता ती व्हायरल गोष्ट.

इंडिका चालत नव्हती, म्हणून १९९९ मध्ये रतन टाटा कारचा व्यवसाय विकायला डेट्रॉइटला गेले आणि तिथे फोर्डच्या लोकांनी त्यांना अपमानास्पद वागणूक दिली. हा किस्सा टाटा समूहातले अधिकारी प्रवीण काडले यांनी २०१५ मध्ये मुंबईतल्या एका पुरस्कार सोहळ्यात सांगितला आणि तो देशभर पसरला. फॉरवर्डमध्ये त्याचा शेवट ठरलेला असतो: टाटांनी जग्वार घेऊन बदला घेतला.

पण खरी परीक्षा इथून पुढे होती.

जानेवारी २००८ मध्ये टाटांनी एक लाखाची नॅनो दाखवली आणि मार्चमध्ये जग्वार-लँड रोव्हरचा २.३ अब्ज डॉलरचा करार केला. फोर्डनं दोन्ही कंपन्यांसाठी मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही हा आकडा कमी होता. व्यवहार जूनमध्ये पूर्ण झाला आणि सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली. महागड्या गाड्यांचं गिऱ्हाईकच आटलं.

खरेदीसाठी उचललेलं ३ अब्ज डॉलरचं कर्ज डोक्यावर होतं. टाटा मोटर्सनं सामान्य लोकांकडून मुदत ठेवी घेतल्या. ब्रिटिश सरकारशी कर्जहमीची बोलणी झाली, पण अटी न पटल्यानं टाटांनी पैसा दुसरीकडून उभा केला. २००८-०९ मध्ये समूहातल्या कंपन्या धरून टाटा मोटर्सला २,५०५ कोटींचा तोटा झाला.

पुढे खर्चाला कात्री लागली, चीनमधून मागणी वाढली आणि २०१०-११ मध्ये नफा ९,२७४ कोटींवर गेला. २०११ मध्ये पुण्यात लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली, पाठोपाठ जग्वार एक्सएफचीही.

यातली गंमत अशी, की कंपनीला तारलं ते मुख्यतः लँड रोव्हरनं. जग्वार नावानं मोठी आणि खपानं लहानच राहिली. तिची स्पोर्ट्स कार एफ-टाइप २०२४ मध्ये बंद झाली आणि आता जग्वारनं सगळा डाव इलेक्ट्रिक गाड्यांवर लावला आहे. फोर्डला जे जमलं नाही, ते टाटांनाही जग्वारच्या बाबतीत अजून पुरतं करून दाखवायचं आहे.