इस्तंबूलची फुलांची मजलिस

'ट्युलिपच्या नादापायी ऑटोमन सल्तनत बुडाली' हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. मला ते पटत नाही.

इस्तंबूलमध्ये सतराव्या शतकापासून फुलांच्या जाणकारांची मजलिस भरत असे. कुणी ट्युलिपचा नवा वाण काढला की तो तिथे पारखला जाई. पाकळ्या सहाच, अरुंद, सारख्या लांबीच्या आणि टोकाला सुईसारख्या हव्यात. एवढं जमलं तरच त्याला नाव मिळे, नोंद होई.

हा शौक फक्त महालातला नव्हता. सोळाव्या शतकातले शेखुल-इस्लाम अबुस्सुऊद एफेंदी स्वतः ट्युलिप लावत. त्यांच्या वाणाचं नाव 'नूर-ए-अदन', म्हणजे जन्नतचा नूर. फारसी-तुर्कीत ट्युलिपला 'लाले' म्हणतात. अरबी लिपीत 'लाले' आणि 'अल्लाह' यांची अक्षरं तीच, अबजदने दोन्हींची बेरीज 66. मशिदींच्या फरशांवर हे फूल उगाच नाही आलं!

तिसऱ्या अहमदच्या काळात कंदांचे भाव इतके चढले, की सरकारला दर बांधून द्यावे लागले. 1730 मध्ये पत्रोना खलीलचं बंड झालं, वजीर मारला गेला, सुलतानाचं तख्त गेलं. उधळपट्टीचा राग होताच. पण करांचा बोजा आणि इराणच्या आघाडीवरची पीछेहाट सोडून सगळा दोष फुलावर का? 'लाले-काळ' हे नावसुद्धा विसाव्या शतकातल्या लेखकांनी रूढ केलं.