मुकादम, जॉबर, कन्सल्टंट : मुंबईतील नोकरभरतीचा मध्यस्थ आणि त्याची भाषा

१

नोकरी शोधणारा आणि नोकरी देणारा ह्या दोघांच्या मध्ये उभा राहणारा तिसरा माणूस हा मुंबईच्या औद्योगिक इतिहासातील एक अत्यंत चिवट घटक आहे. कधी तो मुकादम म्हणून आला, कधी जॉबर म्हणून, कधी कंत्राटदार म्हणून. आणि आज अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाजवळच्या इमारतींतून तो कन्सल्टंट ह्या नावाची पाटी लावून बसलेला आढळतो. प्रस्तुत लेखात ह्या तिसऱ्या माणसाचा इतिहास, त्याच्या व्यवहारासंबंधी मराठीत रूढ झालेल्या शब्दांच्या आधारे, संक्षेपाने मांडण्याचा विचार आहे. शब्दांचा आधार घेण्याचे कारण उघड आहे. मध्यस्थाचा व्यवहार बहुधा तोंडी असे. तो जे मागे ठेवून गेला ते काही चौकशी-अहवालांत आणि पुष्कळसे लोकांच्या बोलण्यात उरले आहे.

ह्या बोलण्यातील तीन क्रियापदे प्रथम लक्षात घ्यावीत. 'कारखान्यात माणसे भरली', 'त्याला कारखान्यात नोकरी लागली' आणि 'मामाने त्याला नोकरीला लावले' ही तीन वाक्ये एकाच घटनेची तीन वर्णने होत. 'भरणे' ही मालकाची दृष्टी आहे. रिकामी जागा भरायची, एवढेच तीत अभिप्रेत असते. 'लागणे' ही उमेदवाराची दृष्टी. तेथे उमेदवार कर्ता नसतो. तो चतुर्थीत, 'त्याला' ह्या रूपाने येतो. भूक लागते, तहान लागते, तशीच नोकरी लागते. 'लावणे' ह्या तिसऱ्या, प्रयोजक रूपात मात्र कर्त्याची जागा प्रथमच एका माणसाने व्यापलेली दिसते, आणि तो माणूस मालकही नसतो व उमेदवारही नसतो. तो मध्यस्थ असतो. हिंदीतही 'नौकरी लगना' आणि 'लगवाना' अशी जोडी आहेच. तेव्हा हा केवळ मराठीचा विशेष नव्हे. परंतु मुंबईच्या इतिहासाशी तो ज्या नेमकेपणाने जुळतो तो विचार करण्याजोगा आहे.

२

मध्यस्थाच्या परिभाषेतील बहुतेक शब्द अरबी-फारसी मार्गाने मराठीत आले आहेत. 'मुकादम' म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रभागी असलेला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'मोकदम' हा शब्द गावच्या पाटलास उद्देशून येतो. गावचा प्रमुख ह्या अर्थापासून मजुरांच्या टोळीचा प्रमुख ह्या अर्थापर्यंतचा प्रवास फार लांबचा नाही. 'दलाल' ह्या शब्दाच्या मुळाशी वाट दाखविणे हा अर्थ आहे. 'वशिला' म्हणजे जवळ जाण्याचे साधन. आणि 'दस्तुरी' हा शब्द 'दस्तूर' म्हणजे रूढी ह्यावरून आला. देवघेवीतील मध्यस्थाच्या हिश्शाला रूढीचे नाव मिळाले की ती मागताना संकोच वाटत नाही आणि देताना तक्रार करता येत नाही. खुद्द 'नोकर' हा शब्द फारसीमार्फत मंगोल भाषेतून आला असून तेथे त्याचा अर्थ साथीदार असा होता.

ह्या शब्दसंग्रहात मध्यस्थाविषयी दोन विरुद्ध भावना नांदतात. तो वाट दाखविणारा आहे आणि तो हिस्सा घेणाराही आहे. पुढील इतिहासात ह्या दोन्ही बाजू सतत बरोबर राहतात, आणि एकीकडेच पाहणाऱ्यास तो इतिहास अपुरा कळतो.

३

कावसजी दावर यांची कापडगिरणी ताडदेव येथे १८५६ साली चालू झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात रत्नागिरी, सातारा आणि घाटावरील इतर भागांतून हजारो माणसे मुंबईत आली. गिरणीचा व्यवस्थापक बहुधा त्यांची भाषा बोलणारा नसे. ह्या दोन जगांच्या मध्ये जॉबर उभा राहिला. कलकत्त्याच्या तागगिरण्यांत ह्याच माणसाला सरदार म्हणत, मद्रासकडे मेस्त्री, आणि सिलोन-मलायाच्या मळ्यांवर कंगाणी. मुंबईत स्त्रिया काम करीत त्या खात्यांत हेच काम नाईकीण करी.

जॉबरच्या हाती काय काय होते? माणूस कामावर घेणे, त्याला काम शिकविणे, त्याच्यावर देखरेख करणे, गैरहजर कामगाराच्या जागी बदली देणे आणि नको झालेल्यास काढून टाकणे. पुष्कळदा तो कर्ज देई किंवा वाण्याकडे हमी राही, चाळीत जागा मिळवून देई. पगार उशिरा होत असल्यामुळे नव्या कामगाराचे पहिले आठवडे उधारीवर जात, आणि ती उधारी जॉबरच्या शब्दावर मिळे. ह्या सर्वांचा मोबदला तो दोन्ही बाजूंनी घेई : गिरणीकडून पगार आणि कामगाराकडून दस्तुरी. जॉबरच्या सत्तेचे मर्म ह्या दुहेरी मोबदल्यात होते.

तथापि ही सत्ता निरंकुश होती असे मानण्याचे कारण नाही. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की जॉबरचे वजन वस्तीतील संबंधांवर अवलंबून असे. ज्याच्या मागे माणसे नाहीत त्याला गिरणीही विचारीत नसे. संपाच्या वेळी तर त्याची ओढाताण होई. मालकाची बाजू घ्यावी तर वस्तीत राहणे कठीण, आणि कामगारांची घ्यावी तर नोकरी जाण्याची भीती.

४

ह्या व्यवस्थेवर पहिला मोठा आघात रॉयल कमिशन ऑन लेबर ह्या आयोगाने केला. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या ह्या आयोगात नारायण मल्हार जोशी हेही सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने जॉबरच्या लाचखोरीवर बोट ठेवून कामगार घेण्याचा व काढण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावा आणि त्यासाठी मजूर अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत सुरू केली. निवडक बदली कामगारांना कार्डे देण्यात आली आणि रोज सकाळी त्यांनी हजर राहावे असे ठरले. कार्डावरचा अनुक्रम जॉबरच्या मर्जीच्या जागी यावा हा तिचा हेतू होता. ती मर्जी कमी झाली, नाहीशी झाली नाही.

दुसरा प्रयत्न सेवायोजन कार्यालयांचा. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४५ साली ही कार्यालये निघाली, १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली आणि १९५६ साली त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापनांवर आणि पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले. मात्र कळविणे आणि त्या कार्यालयाकडूनच माणूस घेणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत, आणि दुसरीचे बंधन त्या कायद्यात नव्हते. त्यामुळे 'कार्यालयात नाव घालणे' हा वाक्प्रयोग घरोघर रूढ झाला, परंतु 'कार्यालयाने नोकरी लावली' असे वाक्य क्वचितच कानी पडे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ह्या कार्यालयांसाठी करिअर केंद्र हे नाव योजिले आहे.

तिसरा प्रयत्न महाराष्ट्राचा स्वतःचा, आणि तिहींत तो अधिक मूलगामी होय. बाजारपेठांत डोक्यावर ओझी वाहणारे माथाडी कामगार टोळी आणि मुकादम ह्या पद्धतीने काम करीत. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्यान्वये कामगार व मालक ह्या दोघांचीही नोंदणी मंडळाकडे होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत देण्याची सोय झाली, आणि भविष्यनिधी, रजा इत्यादींसाठी मालकाकडून वेगळा आकार घेतला जाऊ लागला. खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ साली ह्याच धर्तीवर कायदा करण्यात आला. येथे मध्यस्थ नाहीसा झालेला नाही. मध्यस्थीचे काम एका सार्वजनिक मंडळाकडे आले आणि तिचा खर्च मालकावर टाकण्यात आला, हे लक्षात ठेवले पाहिजे.

५

ह्या काळात उद्योगाचे केंद्र गिरणगावातून उत्तरेकडे सरकत होते. १९५० साली अंधेरी व घाटकोपर आणि १९५७ साली बोरिवली व मुलुंड बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या रस्त्यालगत अभियांत्रिकी, रसायने व औषधे यांचे कारखाने उभे राहिले. अंधेरीच्या पूर्वेस मरोळ येथे औद्योगिक वसाहत झाली आणि १९७३ साली तेथेच सीप्झ हे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले. ह्या नव्या कारखान्यांत जाहिरात, अर्ज, मुलाखत आणि कार्मिक विभाग अशी भरतीची नवी रीत आली. तिच्यासमवेत 'नोकरी मिळविणे' हा प्रयोग अधिक रुळला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. त्यात उमेदवार स्वतः कर्ता होतो. परंतु घाटकोपरच्या दगडखाणींत, जेथे दत्ता सामंत यांच्या कामगार-कार्याचा आरंभ झाला, किंवा इमारतींच्या बांधकामांवर ही रीत पोहोचली नाही.

उपनगरांतील मजूर-नाके हे त्याचे ठळक उदाहरण होय. 'नाका' म्हणजे मूळचे जकात घेण्याचे ठिकाण, पुढे चौक, आणि नंतर सकाळी बिगारी, गवंडी व रंगारी कामासाठी जेथे उभे राहतात ती जागा. 'नाक्यावर उभे राहणे' हा ह्या लोकांच्या बोलीत नोकरी शोधण्याचा पर्याय आहे. येथे ठेकेदार व मुकादम आपल्या जुन्याच नावांनी वावरतात. ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातील जोडप्यांना 'उचल' देऊन बांधून घेणारा मुकादम आणि नाक्यावरचा मुकादम ह्या दोघांच्या व्यवहारात फरक पुष्कळ आहेत. परंतु काम आणि कर्ज एकाच हातून येणे ही खूण दोहोंकडे दिसते.

१९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर, आणि उपनगरांतील कारखानेही पुढे एकामागून एक बंद पडल्यावर, कायम नोकरीची जागा कंत्राटी कामाने मोठ्या प्रमाणावर घेतली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराला परवाना आणि मूळ मालकाला नोंदणी आवश्यक केली होती. ह्या व्यवस्थेत मध्यस्थ स्वतःच कागदोपत्री मालक होतो. मध्यस्थीच्या इतिहासातील हे महत्त्वाचे वळण आहे. आखाती देशांकडे जाणाऱ्यांच्या बाबतीत १९८३ च्या स्थलांतर कायद्याने भरती एजंटांची नोंदणी सक्तीची केली आणि त्याखालील नियमांनी उमेदवाराकडून घ्यावयाच्या शुल्कास मर्यादा घातली. म्हणजे तेथे दस्तुरी रद्द झाली नाही. तिला माप मिळाले.

६

१९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने वरच्या पगाराच्या नोकऱ्यांसाठी निराळा मध्यस्थ पुढे आणला. इंग्रजीत त्यास हेडहंटर म्हणतात. शत्रूची शिरे कापून नेणाऱ्यांसाठी वापरला जाणारा हा शब्द तेथे थट्टेने रूढ झाला. मराठीने तो स्वीकारलेला दिसत नाही. आपल्याकडे 'कन्सल्टंट', 'एजन्सी' आणि 'प्लेसमेंट' हे शब्द चालतात. आणि 'तो कॉलेजातूनच प्लेस झाला' ह्या वाक्यात जुन्या 'लागणे'चीच अकर्मक घडण पुन्हा अवतरते.

ह्या मध्यस्थाचे शुल्क मालक देतो. ते सामान्यतः निवडलेल्या व्यक्तीच्या वार्षिक पगाराच्या काही टक्के असते; कधी निवड झाल्यावरच, तर वरिष्ठ पदांसाठी काही भाग आगाऊ मिळते. नेमलेला माणूस थोड्याच महिन्यांत सोडून गेल्यास बहुधा दुसरा माणूस विनामूल्य द्यावा लागतो. जॉबरच्या हमीचे हे सुधारलेले रूप म्हणता येईल. उमेदवाराच्या पुष्कळशा गैरसमजांचा उगम हा व्यवहार न कळण्यात आहे. कन्सल्टंट त्याच्यासाठी नोकरी शोधीत नसतो. नोकरीसाठी माणूस शोधीत असतो. मुलाखतीनंतरचे त्याचे मौन हा अपमान नसतो. ज्याचे पैसे त्याच्याकडे त्याचे लक्ष असते. एकाच जागेसाठी दोन कन्सल्टंटांनी एकच नाव पाठविले तर शुल्क कोणाचे असा वाद उद्भवतो, आणि त्या वादात उमेदवारच वगळला जाण्याचा संभव असतो. म्हणून आपले नाव कोठे जाते आहे हे विचारणे आणि संमतीवाचून ते पाठवू न देणे हा त्याचा रास्त अधिकार मानला पाहिजे.

परंतु उपनगरांत ह्याच पाटीखाली दुसराही एक व्यवहार चालतो. लहान पगाराच्या जागांसाठी आलेल्या तरुणांकडून 'नोंदणी', 'प्रशिक्षण' किंवा 'अनामत' ह्या नावांनी आधी पैसे घेतले जातात. नोकरी लागली तर ती दस्तुरी ठरते. न लागली तर सरळ फसवणूक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या कराराने खाजगी संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये हे तत्त्व, मर्यादित अपवाद ठेवून, मांडले; भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. परिणामी ज्याचा पगार मोठा त्याची मध्यस्थी फुकट आणि ज्याचा लहान त्याला ती विकत घ्यावी लागते, अशी स्थिती आहे.

ह्या आढाव्यावरून एक निष्कर्ष काढता येतो. मध्यस्थाला हटविण्याचे प्रयत्न वारंवार झाले आणि तो नव्या नावाने वारंवार परत आला, कारण दोन अपरिचित पक्षांना जोडणाऱ्याची गरज खरी होती. ज्या प्रयत्नांनी त्याचा मोबदला कोण देणार हा प्रश्न सोडविला, त्यांचा लाभ कामगाराला झाला; ज्यांनी केवळ त्याचे अधिकार कागदावर कमी केले, त्यांचा फारसा झाला नाही. तेव्हा ह्या विषयाच्या अभ्यासकाने नावांच्या बदलाबरोबर पैशाचा मार्गही पाहावा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील नाक्यांवरची आणि नोकरभरतीच्या कचेऱ्यांतील परिभाषा पद्धतशीरपणे संकलित झाल्यास हा मार्ग अधिक स्पष्ट होईल. ते काम भाषाशास्त्र आणि इतिहास ह्या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाती घेण्यासारखे आहे.