दुरुस्ती-कंत्राटदारांकडील लष्करी सामग्री आणि पोचनोंदीचा प्रश्न : अमेरिकेतील अनुभव

लष्करी इतिहासात रणांगणे व शस्त्रनिर्मिती यांना जे स्थान मिळते, ते भांडाराच्या नोंदवहीला क्वचितच मिळते. अमेरिकेत मात्र याच नोंदवहीचा प्रश्न काँग्रेसपर्यंत गेला. विमानाचा बिघडलेला भाग खाजगी कंत्राटदाराकडे दुरुस्तीस पाठविला जातो, तेव्हा त्याची मालकी शासनाकडेच राहते. ताबा तेवढा बदलतो. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे माल मिळाल्याची पोच होय.

संरक्षण खात्याचे साठा-व्यवस्थापन १९९० पासून तेथील शासकीय लेखापरीक्षण संस्थेच्या ‘अतिजोखीम’ यादीत समाविष्ट होते. मार्च १९९९ च्या अहवालानुसार, १९९६ ते १९९८ या वित्तीय वर्षांत वाहतुकीतील ३ अब्ज डॉलरहून अधिक किमतीची सामग्री नौदलाने ‘गहाळ’ दाखविली होती. तीत क्षेपणास्त्र-प्रक्षेपक व रात्री पाहण्याची उपकरणेही होती. हा सर्व माल चोरीस गेला, असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. बराचसा माल इच्छित स्थळी पोहोचला होता; पोच तेवढी नोंदविली गेली नव्हती. परंतु त्यामुळे प्रश्नाचे गांभीर्य कमी होत नाही. पोहोचलेला मालही ज्या वहीत हरवलेला दिसतो, त्या वहीतून खरोखर हरवलेला माल ओळखणार कसा? शिवाय हाताशी असलेलीच वस्तू पुन्हा खरेदी होण्याची शक्यता उरतेच.

पुढे २००२ मध्ये हवाई दल, २००४ मध्ये नौदल व डिसेंबर २००५ मध्ये भूदल यांच्याविषयी स्वतंत्र अहवाल आले. तिन्हींचा विषय एकच : दुरुस्ती-कंत्राटदारांकडे पाठविलेली सामग्री. येथे लक्षणीय बाब अशी की, नियमांचा अभाव नव्हता. कंत्राटदाराची पोच न आल्यास ४५ दिवसांच्या आत पाठपुरावा करावा, असा दंडक नौदलाच्या साठा-नियंत्रण कार्यालयास लागू होता. तो पाळला जात नव्हता. संगणकप्रणालीतील उणिवा होत्याच, पण केवळ त्यांच्यावर ठपका ठेवणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. माल रवाना झाला की आपली जबाबदारी संपली, ही पाठविणाऱ्याची धारणा अधिक मूलगामी म्हणावी लागते.

मार्च २०१९ मध्ये हा विषय ‘अतिजोखीम’ यादीतून वगळण्यात आला. तथापि मे २०२३ च्या अहवालात एफ-३५ विमानाच्या सुट्या भागांच्या निमित्ताने तो पुन्हा पुढे आला. कंत्राटदारांच्या ताब्यातील १० लाखांहून अधिक भाग २०१८ पासून गहाळ झाल्याचे नोंदले गेले होते. किंमत साडेआठ कोटी डॉलरहून अधिक. त्यांपैकी २ टक्क्यांहूनही कमी नुकसानीची तपासणी एफ-३५ च्या संयुक्त कार्यक्रम कार्यालयाने केली होती.