एक बक्षीस, दोन नावे

चित्रपटांतील पोशाखांसाठी ऑस्कर बक्षीस मिळविणाऱ्या भानू अथैया ह्या मूळच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. जन्म १९२९ चा. वडील अण्णासाहेब चित्रकार होते, पण मुलगी लहान असतानाच ते वारले. मुंबईस जे. जे. कलाशाळेत शिकून भानूबाई स्त्रियांच्या एका साप्ताहिकासाठी पोशाखांची चित्रे काढू लागल्या. पुढे तेथील संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले व कपडेही त्यांनीच बेतावेत असे सुचविले. तेथूनच सिनेमातल्या नट्यांशी ओळख झाली, आणि १९५६ च्या ‘सी. आय. डी.’ ह्या चित्रपटाचे पोशाख त्यांनी केले.

कागदावर घेर काढणे सोपे असते. कापड उभे धरावे की तिरपे, माया किती सोडावी, हे शिवणाऱ्या हातालाच कळते. म्हणून ह्या धंद्यात नवख्याला जुन्याचा हात धरावाच लागतो.

पण नवखा कोण आणि जुना कोण? ‘गांधी’ चित्रपटाचे पोशाख दोघांनी मिळून केले. जॉन मोलो हे इंग्रज गृहस्थ लष्करी गणवेशांचे मोठे जाणकार. त्यांना आधी एक ऑस्करही मिळालेले होते. भानूबाई मुंबईत मुरलेल्या, परंतु विलायती कंपनीच्या एवढ्या मोठ्या कामात नव्या. तरी धोतर, पागोटे, खादीची जाडीभरडी पातळे ह्यांत मोलोसाहेबच नवखे की हो! गोऱ्या शिपायांचे गणवेश त्यांनी पाहिले, हिंदी माणसांचे कपडे भानूबाईंनी. गांधीजी सुटाबुटातून पंचावर आले, ती सारी वर्षे कपड्यांतून दिसायला हवी होती. कस्तुरबांचे काम आपल्या रोहिणी हट्टंगडींनी केले आहे. त्यांची साधी लुगडी पाहताना कोणी ती मुद्दाम योजली असतील असे मनातही येत नाही.

११ एप्रिल १९८३ रोजी बक्षीस जाहीर झाले ते दोघांच्या नावे. ऑस्कर मिळविणाऱ्या भानूबाई पहिल्या भारतीय. २०१२ साली त्यांनी ती बाहुली नीट जतन व्हावी म्हणून अकादमीकडेच परत सोपविली. २०२० च्या ऑक्टोबरात त्या वारल्या.

आपल्या शिवणवर्गातून लग्नसराईत पोलकी जातात. गळ्याची नवी नक्षी मुली सुचवितात, बेतणे-कापणे जाणत्या बाया करतात, वहीत मात्र एकीचेच नाव पडते. येत्या सराईपासून त्या वहीत नावांचे दोन रकाने आखावेत, अशी कार्यकारिणीस माझी विनंती आहे.