केलियातली शनिवारची रात्र

इजिप्तच्या वाळवंटात, नित्रियाच्या अतिथिगृहात पहिला आठवडाभर तुम्हाला कोणी काही विचारत नाही. आठव्या दिवशी मात्र भट्टीवर पाठवतात. नियमच आहे तसा: आठवडाभर पाहुणा, पुढे बाग, स्वयंपाकघर नाहीतर भट्टी. अशा सात भट्ट्या इथे रोज पेटतात, कारण या डोंगराच्या आसऱ्याने पाच हजारांच्या आसपास संन्यासी राहतात. साल आहे 393. अलेक्झांड्रिया उत्तरेला राहिलं. इथे प्रत्येक जण स्वतःच्या हाताने लिननचं कापड विणतो, आणि तिसऱ्या प्रहरी झोपडीझोपडीतून स्तोत्रांचे स्वर उठतात, तेव्हा हातातलं पीठ तसंच ठेवून तुम्ही उभे राहता.

चर्चजवळ खजुरीची तीन झाडं आहेत, आणि प्रत्येकावर एकेक चाबूक टांगलेला. चोरासाठी एक, उपद्रवी वाटसरूसाठी एक, आणि चुकलेल्या संन्याशासाठी एक. त्या शेवटच्याकडे तुमची नजर पुन्हा पुन्हा जाते. जे मनात घेऊन तुम्ही इतकी शतकं मागे आलात, ते इथे उच्चारलं तर काय होईल, हा प्रश्न तुम्हाला झोपू देत नाही. तिकडे तुमच्या मंडळीत तुम्ही शास्त्रवाचन करता, तरुणांची बैठक घेता, लोक तुम्हाला प्रार्थनेची विनंती करतात. त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही.

शनिवारी सकाळी पल्लादियुस तुम्हाला सोबत घेतो. गलातियाचा हा तरुण, जेमतेम तिशीचा. दक्षिणेकडे केलियाची वाट धरायची, तिथे त्याचे गुरू एवाग्रियुस राहतात. पायांखाली वाळू आणि खडे, डोक्यावर ऊन, पाठीवरच्या पिशवीत वाळवलेल्या पावाचे गोळे. ते पाण्यात भिजवल्याशिवाय दातांनी तुटत नाहीत. दुपार कलताना पहिल्या झोपड्या दिसू लागतात. दोन झोपड्यांमध्ये मुद्दाम इतकं अंतर सोडलेलं, की शेजाऱ्याचा आवाज कानी पडू नये, चेहरा ओळखू येऊ नये. अशा ठिकाणी देहवासनेची परीक्षा यायला वाटच कुठे आहे, असं तुम्हाला वाटतं.

पल्लादियुस चालता चालता स्वतःची गोष्ट सांगतो. या एकांतातच वासनेने त्याला दिवसरात्र इतकं छळलं, की वाळवंट सोडून परत जावं असं त्याच्या मनात आलं. शेजारच्या वडीलधाऱ्यांना त्याने सांगितलं नाही, एवाग्रियुसांनाही नाही. गुपचूप निघून तो दूर स्केतिसला गेला, आणि तिथे पाखोन नावाच्या सत्तरीच्या वृद्धापुढे त्याचा बांध फुटला. पाखोन म्हणाले, यात तुझा आळस नाही. मी चाळीस वर्षं या झोपडीत आहे, आणि पन्नाशीनंतर बारा वर्षं एक रात्र मला सुटका नव्हती. देवाने आपल्याला टाकलं असं वाटून ते एकदा तरसांच्या गुहेसमोर जाऊन विवस्त्र पडले होते, मरण यावं म्हणून. तरसं आली, डोक्यापासून पायांपर्यंत हुंगून, चाटून निघून गेली.

पल्लादियुस हे सांगताना जराही लाजत नाही, आणि ही गोष्ट पुढे तो पुस्तकात लिहिणार आहे. संतांच्या चरित्रांतून असले प्रसंग आपण बहुतेक वेळा वगळतो. वगळू नयेत. सत्तरीच्या साधूने तरुणाला दिलेली ती कबुली मला कित्येक उपदेशांहून मोलाची वाटते.

दिवेलागणीला तुम्ही पोहोचता. मातीच्या विटांची भिंत, आत अंगण, अंगणात विहीर. पल्लादियुस विहिरीकडे बोट दाखवतो. एका हिवाळ्यात याच छळाने एवाग्रियुस रात्रभर विहिरीच्या पाण्यात उघडेवाघडे उभे राहिले होते, अंग गोठेपर्यंत. तुम्ही कठड्याला हात लावता. दगड अजून दिवसाच्या उन्हाने कोमट आहे, पण आतून गारवा वर येतो. हे करायला मनाचा केवढा निर्धार लागला असेल! तरी तुम्ही त्यांची नक्कल करू नये. त्या पाण्याने त्यांची लढाई संपली नाही. ती संपायला अजून काही वर्षं आहेत: 399 साली मरणाच्या दारात ते सांगतील की, आता तिसरं वर्ष, देहवासनेने त्रास दिलेला नाही. म्हणजे आज रात्री ज्यांच्यासमोर तुम्ही बसणार, ते गुरू स्वतः अजून रणांगणात आहेत.

अंगणात माणसं जमतात. शनिवार-रविवारच्या रात्री ते एवाग्रियुसांभोवती बसतात आणि आपापले विचार उघड करतात. पन्नाशीकडे झुकलेले एवाग्रियुस मधे बसलेले आहेत, बोटांवर शाईचे डाग, कारण ग्रंथांच्या नकला करून ते पोट भरतात. दिवसाला दोन पाव आणि थोडं तेल, यावर त्यांचं चालतं. हा माणूस एके काळी कॉन्स्टँटिनोपलचा नावाजलेला डीकन होता, वादविवादात भल्याभल्यांना गप्प करणारा. तिथे एका मोठ्या घरच्या विवाहित स्त्रीवर त्यांचं मन जडलं, तिचंही त्यांच्यावर. एका रात्री स्वप्नात ते बेड्यांत होते. शहर सोडीन अशी शपथ शुभवर्तमानावर हात ठेवून घेतली तेव्हा सुटका झाली. जागे झाले, आणि शपथ स्वप्नातली असली तरी शपथच, असं म्हणून सामान जहाजावर चढवलं. योसेफ अंगावरचं वस्त्र टाकून पळाला होता, त्याच जातीचं हे पळणं.

पण पळून गेलं की झालं, असं नव्हतं. जेरुसलेमला पोहोचल्यावर मन पुन्हा डळमळलं, पोशाखाची हौस परत आली, आणि मग ताप. सहा महिने अंथरूण. वैद्यांना काही कळेना. ऑलिव्ह डोंगरावर मठ चालवणाऱ्या मेलानियांनी ओळखलं, हे साधं दुखणं नाही. त्यांनी विचारलं आणि एवाग्रियुसांनी सगळं सांगितलं. थोड्याच दिवसांत ते उठून बसले. त्या काळच्या लिखाणात स्त्रीकडे मोहाचं कारण म्हणून किती सहज बोट दाखवलं जातं! एवाग्रियुसांना सावरलं ते मात्र एका स्त्रीने, निमूट ऐकून घेऊन. तरुणांना शुद्धतेचा धडा देताना हे सांगायलाच हवं.

रात्र चढते. एवाग्रियुस म्हणतात, विचार मनात यावा की न यावा, हे आपल्या हाती नाही. तो मुक्कामाला राहावा की नाही, हे मात्र आहे. हे ऐकताच तुमचे खांदे सैल पडतात, कारण विचार आला त्याच क्षणी आपण हरलो असं तुम्ही वर्षानुवर्षं धरून चालला होता. ते सांगतात, जगात राहणाऱ्यांशी सैतान वस्तूंच्या आडून लढतो, एकांतात राहणाऱ्यांशी विचारांच्या आडून. तुम्हाला तुमचा मोबाईल आठवतो: बंद खोलीतला एकांत आणि वस्तू, दोन्ही एकाच मुठीत. त्यांच्या पुस्तकात आठ दुष्ट विचारांना उत्तर म्हणून शास्त्रातली जवळजवळ पाचशे वचनं वेचून ठेवली आहेत, दुसरा भाग सगळा वासनेवर. प्रभूने अरण्यात तिन्ही वेळा अनुवाद या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिलं, तोच धडा. आणि एक सावधगिरी: मोठेपणाची हौस वासनेला पळवून लावते, काट्याने काटा काढावा तशी, पण मग तो दुसरा काटा रुतून बसतो. तुम्ही खाली बघता. मंडळीतल्या मानाने आपल्याला किती वेळा असं सावरलं, आणि त्याच मानाने तोंड कसं बंद ठेवलं, हे तुमचं तुम्हाला कळतं.

कोणी तरी अब्बा अपोलोंची गोष्ट काढतो. एका तरुणाने वासनेची कबुली दिली तेव्हा एका वृद्धाने त्याला झिडकारलं, तू संन्यासी म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाहीस म्हणून. तरुण निराश होऊन लग्न करायला गावाकडे निघाला. वाटेत अपोलोंनी त्याला थांबवलं: मला या वयातही हे चुकलेलं नाही, एक दिवस थांब. मग त्यांनी प्रार्थना केली की, ही परीक्षा त्या वृद्धावर येवो. थोड्याच वेळात तो वृद्ध वेड्यासारखा झोपडीबाहेर पडून त्याच वाटेने धावत सुटला. सगळ्या पाळकांनी आणि फादरांनी ही गोष्ट पाठ करावी असं मला मनापासून वाटतं. पहिल्याच शब्दाला ज्याला दटावलं, तो दुसरा शब्द कधी बोलत नाही.

पहाटे सगळे उठतात. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही, त्याने मागे थांबावं, अशी इथली रीत. तुम्ही थांबता.

तुम्ही सांगता. आधी आडून आडून, मग सरळ. एवाग्रियुसांचा चेहरा बदलत नाही. ते विचारतात, त्याच्या आधी काय घडतं? कोणत्या वेळी? कोणता विचार कोणाच्या मागून येतो, याच्यावर लक्ष ठेवायला ते सगळ्यांनाच सांगतात. तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करता, आणि या खेपेला सुरुवात रात्री अकराच्या मोबाईलपासून होत नाही. ती संध्याकाळी सातला होते. कामावरचा अपमान, घरी आल्यावर बायकोशी तुटक बोलणं, न बोलता जेवण, आणि मग आपल्याला कोणी समजून घेत नाही ही ठसठस. वासना या रांगेत सर्वांत शेवटी उभी होती.

ते एक वचन देतात, सातच्या वेळेसाठी. अकराच्या वेळेसाठी नाही. मग विचारतात, परत गेल्यावर हे सगळं ऐकून घेणारं तुझ्या गावात कोण आहे?

तुम्ही बराच वेळ विचार करता, आणि एक नाव घेता.