तेमेरारिओ

तेमेरारिओ : (स्त्री. तेमेरारिआ). स्पॅनिश विशेषण. अर्थ : १. धोका समोर असताना विचार न करता त्यात उडी घेणारा, बेदरकार, अविचारी. २. (मत, आरोप इ.) पुराव्याविना केलेले. भाववाचक नाम : तेमेरिदाद.

व्युत्पत्ती : लॅटिन ‘तेमेरे’ (आंधळेपणाने, वाटेल तसे) यावरून ‘तेमेरारिउस’, त्यावरून हा शब्द. मुळाशी अंधारवाचक इंडो-यूरोपीय धातू मानला जातो; संस्कृत ‘तमस्’ त्याच कुळातला. ‘तेमेर’ (भिणे) व ‘तेमेरोसो’ (भित्रा) दिसायला जवळचे असले, तरी ते लॅटिन ‘तिमेरे’पासून आलेले आहेत.

अर्थच्छटा : ‘इम्प्रुदेन्ते’ (बेसावध) हा सौम्य शब्द. दोहोंमधली सीमा संदर्भानुसार बदलते.

कायद्यातील वापर : शब्दाला नेमकेपणा आला तो मुख्यतः न्यायालयांत. स्पेनच्या जुन्या दंडसंहितेत घोर निष्काळजीपणाला ‘इम्प्रुदेन्सिआ तेमेरारिआ’ म्हणत. १९९५ च्या संहितेने तेथे ‘ग्रावे’ (गंभीर) हे विशेषण घातले; बोलण्यात मात्र जुना प्रयोग टिकून आहे. वाहतुकीच्या गुन्ह्यांत ‘तेमेरिदाद’ कायम राहिली. कलम ३८० नुसार उघड बेदरकारपणे वाहन चालवून कुणाचा जीव वा शरीर प्रत्यक्ष धोक्यात घातल्यास ६ महिने ते २ वर्षे कैद होते, शिवाय परवान्यावर बंदी येते. रक्तात लिटरमागे १.२ ग्रॅमहून अधिक मद्यार्क आणि त्याच वेळी वेगमर्यादेहून शहरात ताशी ६० किंवा शहराबाहेर ८० किमी.पेक्षा जास्त वेग, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की बेदरकारपणा उघडच मानला जातो. चालकाचे धाडस येथे गौण ठरते. त्याची किंमत इतरांना मोजावी लागते, हा या तरतुदीचा गाभा आहे आणि शब्दाचे खरे वजनही त्यातच आहे.

कोलंबियात एकाच व्यक्तीने सबळ कारणाविना तोच ‘तुतेला’ (मूलभूत हक्करक्षणाचा अर्ज) अनेक न्यायाधीशांपुढे दाखल केल्यास ती कृती ‘तेमेरारिआ’ ठरते (१९९१ चा हुकूम २५९१, कलम ३८). सार्वजनिक कंत्राटांत अवास्तव कमी दराच्या निविदेला ‘बाखा तेमेरारिआ’ म्हणतात.

धर्म : ‘हुइसिओ तेमेरारिओ’ म्हणजे पुरेशा आधाराविना दुसऱ्याला दोषी मानणे, कॅथलिक नीतिशास्त्रात हे पाप आहे.

साहित्य : ‘दोन किहोते’च्या दुसऱ्या भागात (१६१५) सिंहांच्या प्रसंगानंतर नायक शौर्याचे स्थान भ्याडपणा व तेमेरिदाद यांच्या मधे सांगतो.

इतिहास : बर्गंडीचा ड्यूक शार्ल (१४३३–७७) स्पॅनिशमध्ये ‘कार्लोस एल तेमेरारिओ’.