शुद्ध पाणी आणि भाजलेला हात

शुद्ध पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तांब्याची कळशी उभी राहते. मी बोलणार आहे ते पाणी पिण्याचे नव्हे, बॉयलरचे. विहिरीचे नितळ पाणीही उच्च दाबाच्या बॉयलरला चालत नाही. त्यातल्या क्षारांची पुटे नळ्यांवर चढतात आणि नळी तापून फुटते. हे क्षार काढण्याची विद्या माणसाने कशी मिळविली, हे शाळा अर्धवट सोडलेल्या माझ्यासारख्याने कामगाराच्या बाजूने जुळवून पाहिले आहे.

१८५० साली इंग्लंडात टॉमसन आणि वे यांनी दाखवून दिले की, शेतातली माती खतातला अमोनिया धरून ठेवते आणि मोबदल्यात चुना सोडते. ही देवघेव हेच या विद्येचे बीज होय. १९३५ साली ॲडम्स आणि होम्स यांनी तीच देवघेव कृत्रिम राळेकडून करून घेतली. राळेचे एका जातीचे मणी पाण्यातले सोडियम, कॅल्शियम धरतात व हायड्रोजन सोडतात. दुसऱ्या जातीचे क्लोराइड, सल्फेट धरतात व हायड्रॉक्सिल सोडतात. सुटलेल्या दोघांचे मिळून पुन्हा पाणीच होते.

परंतु मणी क्षारांनी भरले की त्यांना ताजे करावे लागते, एका जातीला ॲसिडने, दुसरीला कॉस्टिक सोड्याने. या इतिहासात कामगार शिरतो तो येथे. ऐन विशीत मी ज्या कारखान्यात होतो, तेथे हे काम एका वयस्कर गड्याकडे होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. कॉस्टिक विरघळताना पाणी भयंकर तापते. एके दिवशी ते उडाले आणि मामांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कित्येकदा मागितलेले रबरी हातमोजे दुसऱ्या दिवशी आले! मी युनियनच्या कामाला लागलो तो त्या हातामुळे.

पुढे वाचनात आले की, या संकटावरचा उपाय माझ्या जन्मापूर्वीच निघाला होता. १९५५ साली अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेच्या संशोधकांनी तो प्रसिद्ध केला. हेतू मात्र किरणोत्सर्गी सांडपाण्यातली घाण थोडक्या पाण्यात गोळा करण्याचा होता. आज याला इलेक्ट्रोडीआयनायझेशन, थोडक्यात ईडीआय, म्हणतात. पडद्यांच्या जोडीत राळेचे मणी भरतात आणि दोन्ही बाजूंनी वीज लावतात. वीज क्षारांना पडद्यापलीकडे ओढून नेते. क्षार विरळ झाले की ती पाण्यालाच फोडते, आणि त्यातून निघालेले हायड्रोजन व हायड्रॉक्सिल मण्यांना जागच्या जागी ताजे ठेवतात. ॲसिडची, कॉस्टिकची गरज उरत नाही. कच्चे पाणी मात्र त्याला चालत नाही. आधी रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्यातून काढावे लागते. मिलिपोर कंपनीने हे यंत्र बाजारात आणले ते १९८७ साली, म्हणजे बत्तीस वर्षांनी.

आमच्या भागातल्या एका कारखान्यात ते बसले तेव्हा ॲसिडवरचे चार गडी रिकामे झाले. यंत्र अडवा, असे काहींचे म्हणणे पडले. मी नाही म्हटले. मामांचा हात ज्याने पाहिला, त्याने ॲसिडसाठी भांडावे कसे? आम्ही मागितले ते एवढेच की, ॲसिड जावे, माणूस राहावा. दोघांना नवे यंत्र शिकविण्यात आले. उरलेल्या दोघांना घरी जावे लागले, ते अपयश माझे. शुद्ध पाण्याच्या इतिहासात त्या दोघांचीही नोंद असावी, म्हणून आज हे सांगितले.